तीन नंबरची लाइन

फ्लाविया तुस्कानोने ग्वांगझू शहर कधी पाहिलं नव्हतं. तरी चीनमधल्या त्या अवाढव्य शहरातल्या तीन नंबरच्या मेट्रो लाइनवरची सात स्टेशनं तिला ओळीने पाठ होती. दाशी, श्याच्याव, लीच्याव, दाथांग, खत्सुन, कॅन्टन टॉवर, चूच्यांग न्यू टाउन. तिचा मुलगा रिकी रोज सकाळी दाशीला चढायचा आणि ऑफिससाठी चूच्यांगला उतरायचा. मधली वीस-बावीस मिनिटं तो आईशी फोनवर बोलायचा.

ग्वांगझूत तेव्हा सव्वाआठ झालेले असायचे, सिडनीत सव्वादहा. फ्लाविया वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये रक्त काढायचं काम करायची. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेल्यांची रांग असायची, ती दहापर्यंत ओसरायची. मग ग्लोव्ह्ज काढून, हात धुऊन, थर्मास घेऊन ती कार पार्कच्या मागच्या बाकावर जाऊन बसायची. जुलैच्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या, थंडीत तेवढ्याच एका तुकड्यावर ऊन पडायचं.

"गर्दी आहे का रे?" ती रोज विचारायची.

"मम्मी, एक पाय माझ्या जागेवर आहे, दुसरा कुठे आहे ते माहीत नाही."

त्या लाइनवर सकाळी श्वास घ्यायलाही जागा नसते, असं तो सांगायचा. दाशीला तीन-तीन गाड्या सोडाव्या लागायच्या. आत शिरलं की कुणाच्या तरी छत्रीची दांडी पाठीत, कुणाच्या तरी नाश्त्याच्या पिशवीची वाफ चष्म्यावर. एवढ्या माणसांत तो मराठीत हळू आवाजात बोलायचा आणि कुणी त्याच्याकडे बघायचंही नाही. मधेच घोषणा व्हायची, आधी मँडरिनमध्ये, मग कँटोनीजमध्ये, शेवटी इंग्रजीत. तेवढा वेळ रिकी गप्प बसायचा, आणि फ्लावियाही. तीन वर्षांत ती घोषणा करणारी बाई जणू त्यांच्या बोलण्यातलं तिसरं माणूस झाली होती.

रिकी ग्वांगझूला गेला तेव्हा फ्लावियाचा नवरा व्हॅलेंटाइन वारून आठ महिनेच झाले होते. पोरगा इमारतींच्या दर्शनी भागांचं डिझाइन करायचा, ग्वांगझूतल्या कंपनीने चांगली ऑफर दिली होती. "तू एकटी कशी राहशील?" असं त्याने विचारलं, तेव्हा फ्लावियाने हसून उडवून लावलं होतं. "एकटी कसली? चित्रलेखा आहे, चर्चमधल्या बायका आहेत. जा तू."

तेव्हा ते खरंही होतं. चित्रलेखा हॉस्पिटलमध्ये तिच्याबरोबरच रक्त काढायचं काम करायची. दोघी एकत्र चहा प्यायच्या, एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. पण गेल्या नोव्हेंबरात चित्रलेखा मुला-सुनेजवळ मेलबर्नला, ट्रुगानिनाला राहायला गेली. सुरुवातीला तिचे फोन आले, मग नातवंडांचे फोटो आले, मग दर रविवारी नुसतं फुलांचं चित्र यायला लागलं. चर्चमधल्या बायका मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर दहा मिनिटं बोलायच्या आणि आपापल्या गाड्यांत बसायच्या. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या तिच्या गल्लीत निम्मी घरं आपल्याच लोकांची होती. पण गाडी आली की गॅरेजचं दार वर जायचं, गाडी आत गेली की खाली यायचं. शेजारणीचा चेहरा तिने महिनाभर पाहिला नव्हता.

हे तिने रिकीला सांगितलं नाही. "चित्रलेखा आंटी आहेत का बाजूला?" तो विचारायचा. "हो, इथेच आहे," ती म्हणायची. "त्यांना हाय सांग." "सांगते." आणि बाकाच्या रिकाम्या बाजूला ती थर्मासचं झाकण ठेवायची.

जूनच्या मध्यावर फोन लांबायला लागले. बावीस मिनिटांची तीस झाली, तिसाची चाळीस-पंचेचाळीस. "हल्ली मीटिंग उशिरा असते," रिकी म्हणाला. फ्लावियाने फार चौकशी केली नाही. मिळतंय ते कशाला तपासायचं? तो पूर्वी न विचारलेल्या गोष्टी विचारायचा. डॅडी त्याला पोहायला कुठे न्यायचे, वसईच्या घरामागे कुठली झाडं होती. एका रविवारी मिस्सानंतर तिने बायकांना सांगितलंसुद्धा, "माझा रिकी चाळीस मिनिटं बोलतो रोज. मुलं कुठे बोलतात आजकाल एवढं?" सांगताना तिचा आवाज जरा चढलाच होता.

एका मंगळवारी चूच्यांग येऊन गेलं तरी रिकी बोलतच राहिला. पुढची घोषणा झाली ती थीयू शीलूची.

"अरे, तुझं स्टेशन गेलं."

"हं? हां, आज क्लायंटकडे चाललोय."

तिला पटलं. गुरुवारी मात्र त्याच्या मागे गर्दीचा गलकाच नव्हता. तो बसलेला होता, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. सकाळच्या वेळी त्या गाडीत बसायला मिळालं? तो तिला नव्या डंपलिंगवाल्याविषयी सांगत होता आणि पाठीमागून ती बाई म्हणाली, कॅन्टन टॉवर. मग खत्सुन. मग दाथांग. फ्लावियाच्या हातातलं बिस्किट चहात तसंच राहिलं आणि तुटून पडलं. गाडी उलटी चालली होती. लीच्याव. श्याच्याव. "चल मम्मी, आलंच माझं स्टेशन, ठेवतो," रिकी म्हणाला, आणि फोन बंद होता होता तिने ऐकलं, दाशी.

जिथून निघाला होता तिथेच तो परत पोचला होता.

त्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या दंडाला पट्टा बांधून तिने सुई घातली, ती शिरेत गेलीच नाही. अकरा वर्षांत असं क्वचितच झालं होतं. "सॉरी," ती म्हणाली. "नो वरीज, लव्ह," म्हातारा म्हणाला, "दुसरा हात आहे की."

तिने लगेच विचारायला हवं होतं. व्हॅलेंटाइन असता तर त्याच क्षणी विचारून मोकळा झाला असता. पण फ्लावियाने शुक्रवारी विचारलं नाही, शनिवारी नाही, सोमवारी तर नाहीच. ती नुसती ऐकत राहिली. चूच्यांगपर्यंत जायचं, पुढे एखादं स्टेशन, मग परत. रोज तसंच. काय झालं असेल याचा अंदाज तिला आला होता. आपण विचारलं आणि तो ओशाळला तर हा फोनही बंद होईल, याची तिला भीती वाटत होती. रात्री प्रार्थनेला बसल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. पोरगा कसल्यातरी संकटात आहे आणि मला माझी चाळीस मिनिटं प्यारी आहेत.

मंगळवारी रिकी रंगात येऊन सांगत होता की काल ऑफिसमध्ये बॉसचा वाढदिवस झाला, केकवर ड्यूरियन या उग्र वासाच्या फळाचं क्रीम होतं, वासाने अर्धं ऑफिस बाहेर पळालं. तो इतकं बारीकसारीक रचून सांगत होता की तिला ऐकवेना.

"रिकी, तू आत्ता कुठे चाललायस?"

"ऑफिसला. व्हाय?"

"मग खत्सुननंतर दाथांग कसं आलं?"

पलीकडे नुसता गाडीचा आवाज. दारं उघडली, लागली.

"तुला स्टेशनं कळतात?" त्याने विचारलं.

"तीन वर्षं ऐकतेय बाळा."

मग तो आधी इंग्रजीत म्हणाला, "दे लेट मी गो, मम्मी. पाच आठवडे झाले. सव्वीस जणांना काढलं." चीनमधलं कामाचं पर्मिट महिनाअखेरपर्यंत होतं. तोवर दुसरं काही मिळालं नाही तर देश सोडावा लागणार होता. त्याने अकरा ठिकाणी अर्ज केले होते. एकाने उत्तर दिलं होतं, तेही नकाराचं.

"मग रोज गाडीत कशाला बसतोस? घरूनच करायचास की फोन."

"घरी फार शांत असतं गं. मागे आवाज नसता तर तुला लगेच कळलं असतं." तो थांबला. "आणि घरी बसून कुणाशी बोलणार? दिवसभरात मी जेवढं बोलतो ते एवढंच. उतरल्यावर उद्यापर्यंत काही नाही."

फ्लावियाने डोळे पुसले. समोरून कॉफी घेऊन जाणाऱ्या एका नर्सने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"चित्रलेखा इथे नाहीये," फ्लाविया म्हणाली.

"आज रजेवर आहेत?"

"नोव्हेंबरपासून नाहीये. ट्रुगानिनाला गेली ती."

"मग मी रोज हाय सांगायचो ते?"

"मीच ठेवून घ्यायचे."

रिकी हसला. "मग तू चहा कुणाबरोबर पितेस?"

"तुझ्याबरोबर."

घोषणेतली ती बाई पुन्हा बोलायला लागली. दोघंही सवयीने थांबले. तिचं बोलणं संपल्यावर फ्लाविया म्हणाली, "घरी ये. हे घर तुझंच आहे, इथे कुणाची परवानगी लागत नाही."

"बघतो," तो म्हणाला. अकरा दिवसांनी तो आला.

एअरपोर्टवर तिने त्याला ओळखलं ते चालण्यावरून. जॅकेट खांद्यांवरून लोंबत होतं. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि त्याने तिला धरू दिला. घरी आल्यावर तिला वाटलं होतं, आता फोनच्या वेळेचं बंधन नाही, पोट भरेपर्यंत बोलू. पण झालं उलटंच. रिकी बारापर्यंत झोपायचा. ती शिफ्टवरून आली की तो लॅपटॉपसमोर असायचा. "जेवलास?" "येस." "काही हवंय?" "आय एम गुड." टेबलाशी समोरासमोर बसले की दोघांच्या ताटातल्या चमच्यांचाच आवाज व्हायचा. टी-ब्रेकमध्ये ती बाकावर बसून घरी फोन लावायची, तो वाजून वाजून थांबायचा. पोरगा हजारो मैलांवर होता तेव्हा ती इतकी एकटी नव्हती, असं एकदा तिच्या मनात आलं आणि ती दचकली.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी ती बोंबील तळत होती. रिकी पाणी प्यायला आत आला आणि ग्लास हातात घेऊन तिथेच उभा राहिला. तिने वळून बघितलं.

"काय रे?"

"काही नाही." मग तो म्हणाला, "मम्मी, तू माझ्याकडे बघत असलीस की मला बोलता येत नाही. आय डोंट नो व्हाय."

तिला आधी लागलं ते. पण मग वाटलं, खरंच आहे. तीन वर्षं या पोराने मला पाहिलं नाही, मी त्याला पाहिलं नाही. आम्ही एकमेकांना नुसत्या आवाजाने ओळखतो. चेहऱ्याची ओळख नव्याने करून घ्यायला वेळ लागणारच.

"मग नाही बघत," ती म्हणाली, आणि पाठ करून तव्यावरचे बोंबील उलटायला लागली. "बोल."

तो खुर्ची ओढून तिच्या पाठीमागे बसला. मग त्याला कामावरून ज्या दिवशी काढलं, त्या दिवसापासून त्याने सुरुवात केली. खोक्यात वस्तू भरून तो निघाला होता. एवढी गर्दी होती की खोकं डोक्यावर धरावं लागलं. एका म्हातारीने न बोलता ते त्याच्याकडून घेतलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. ती कुठे उतरणार होती कुणास ठाऊक, पण तो उतरेपर्यंत ती बसून राहिली. त्याला तिचे आभार मानायचे होते, पण नेमका तेव्हाच चिनी शब्द आठवला नाही. रडायला आलं ते तिथे, नोकरी गेली म्हणून नाही. फ्लाविया तळत राहिली. बोंबील संपले, तिने गॅस बंद केला, तरी ती वळली नाही. नुसता ओटा पुसत राहिली, पुसलेला पुन्हा पुसत राहिली. तो तासभर बोलला.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. काही दिवस बोलायचे, काही दिवस मुके. गाडीत बरं जमायचं, कारण तिथे दोघांचीही नजर रस्त्यावर असायची. म्हणून फ्लाविया उगीचच लांबच्या दुकानात भाजीला जायची आणि त्याला बरोबर घ्यायची.

सप्टेंबरच्या शेवटी त्याला पर्थला नोकरी मिळाली. पाच तासांचं विमान. मेल वाचून दाखवताना तो तिच्याकडे बघत होता. आता ते त्याला जमायला लागलं होतं.

"जाऊ ना मी?" त्याने विचारलं. "तू एकटी..."

तोंडात तेच जुनं उत्तर आलं होतं. मैत्रिणी आहेत, चर्च आहे. तिने ते गिळलं.

"मला इथे फार एकटं वाटतं, रिकी," ती म्हणाली. "संध्याकाळी जास्तच. तू गेल्यावर पुन्हा वाटेल. ते तुला माहीत असू दे. पण तू जा."

रिकीने लॅपटॉप मिटला. तो उठून तिच्या बाजूला येऊन बसला आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. तिनेही त्याला बोलायला लावलं नाही.