रोजची सफाई

नेमबाजीच्या निवडचाचणीला आठवडा उरला होता. मोतीबिंदू उतरू लागलेल्या शिंप्याची ही शेवटचीच संधी, आणि आवाक्यातली, वारलेल्या मित्राच्या बायकोने विकायला काढलेली एवढी एकच जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल.

"वहिनी, अगदी आरशासारखी ठेवलीय!"

"ठेवणारच! माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त. अंगात ताप असला तरी हे रोज नळीच्या तोंडातून गज घालून पुसायचे."

बोल्ट काढून गज मागून घालायचा असतो. शिंप्याने नळीत टॉर्च मारला. वीस वर्षांच्या मायेने तोंडाजवळचे, गोळीला फिरकी देणारे आटे पार झिजले होते. आता तिचा नेम लागणं शक्य नव्हतं.

"भाऊजी, पसंत ना?"

"भाऊंनी सोन्यासारखी राखलीय हो. माझाच खांदा साथ देत नाही. चाचणीचा नाद सोडतो आता."

"असू द्या. दुसरं कुणी येईस्तोवर मी पुसत जाईन रोज."