तापल्याशिवाय थांबत नाही

दुपारपासून तळघरातला कपडे वाळवायचा ड्रायर फिरत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. रोझेलाने दोनदा खाली जाऊन पाहिलं. दार उघडलं की गप्प. दार लावून बटण दाबलं की पुन्हा घरघर सुरू. आतलं लोकरी पांघरूण मात्र हाताला गारच लागत होतं.

आणि तिला तर ते ऊनच हवं होतं. तिच्या नवऱ्याच्या, लिएंडरच्या अंगात आता ऊब राहत नव्हती. डॉक्टरांनी औषधं थांबवून त्याला घरी पाठवलं तेव्हापासून रोज संध्याकाळी जपमाळ झाली की ती ड्रायरमधून काढलेलं ऊन ऊन पांघरूण त्याच्या पायांपासून गळ्यापर्यंत घाली. गरम पाण्याची पिशवी त्याला जड होई, विजेचं पांघरूण कातडीला सोसवत नसे. हे एवढंच सोसे. तेवढा वेळ त्याचे दात वाजायचे थांबत. बाहेर मिनेसोटातला फेब्रुवारी होता, आणि गावचं तळं काठापासून काठापर्यंत गोठलेलं.

तिने मुलाला फोन लावला.

"आई, ते धूड माझ्याहून वयाने मोठं आहे," व्हर्नन म्हणाला. "भंगारात दे. सोमवारी नवीन घेऊन येतो."

"आज शनिवार आहे रे."

"मग काय, दुकान फोडू?" आणि लगेच आवाज उतरला. "बाबा कसे आहेत?"

"गारठलेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लिएंडरची खाट ड्रायरच्या बरोबर वरच्या खोलीत होती. खालची ऊब वर यावी म्हणून त्या जुन्या घराच्या जमिनीत लोखंडी जाळी बसवलेली होती. जाळीतून उबेबरोबर आवाजही जात-येत. दोघांची निम्मी भांडणं त्या जाळीतूनच झालेली.

"रोझी!" वरून क्षीण हाक आली. "गिरणी काढलीयस का खाली?"

"बंदच होत नाहीये मेलं!"

"तापतोय का?"

"नाही."

"मग बंद कसा होईल? आतली हवा तापली की मगच त्याचा काटा पुढे सरकतो. तापल्याशिवाय तो थांबत नाही. थांबण्यात काही बिघाड नाहीये गं, बिघाड तापण्यात आहे. मागची तार तुटली असणार."

"गावभर लोकांची यंत्रं दुरुस्त करत हिंडलास, आणि घरचं मी करायचं!"

"शिष्या जरा उशिरा मिळाली," तो म्हणाला. त्याला हसू आलं, हसण्याने खोकला आला. तो थांबेपर्यंत ती जिन्याच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिली.

"आधी प्लग काढ. काढलास?"

"काढला."

"शप्पथ?"

"शपथ घेऊ नये, प्रभूने सांगितलंय."

"बरं बाई, नुसतं सांग."

"काढला रे, लिएंडर."

तिने मागचा पत्रा उघडला. बॅटरीच्या उजेडात तारेचं वेटोळं दिसलं, आणि त्यात तुटलेली दोन टोकं. नवी तार दुकान उघडल्यावरच मिळणार होती. तो एकेक वाक्य दम घेत घेत सांगत गेला: टोकं जरा ओढून जवळ आण, त्याच्या पेटीतला छोटा बोल्ट घे, दोन चकत्यांच्या मध्ये टोकं धर, नट पिळ, आणि पत्र्याला टेकू देऊ नकोस. नट दोनदा तिच्या हातातून निसटला.

"किती टिकेल हे?" तिने विचारलं.

"आठवडाभर टिकेल." मग जरा थांबून, "पुरे की."

त्याला काय म्हणायचंय ते तिला कळलं. तिने नट आणखी एक फेरा पिळला.

पत्रा लावून तिने प्लग खोचला आणि यंत्राला पाठ लावून जमिनीवरच बसली. पाठीला हळूहळू ऊब जाणवू लागली. ती जपमाळ ओढू लागली. वरून तोही शब्द पुटपुटत होता, मध्येच काही गळत होते. माळ संपत आली आणि भोंगा वाजला. ड्रायर आपला आपण थांबला.

पांघरूण छातीशी धरून ती वर धावली. त्याचे डोळे मिटलेले होते.

"वाजला ना?" त्याने विचारलं.

"वाजला."

तिने पायांपासून गळ्यापर्यंत पांघरूण घातलं. हळूहळू दात वाजायचे थांबले. "शिकलीस," तो म्हणाला.

राखेच्या बुधवारी पहाटे तो गेला. त्या दिवशी सगळं गाव कपाळाला राख लावून घ्यायला चर्चमध्ये जातं. रोझेलाला ती पाद्रीबाबांनी घरी येऊन लावली.

आठवडा सरला, बोल्ट टिकला. व्हर्ननने नवीन यंत्राचं नाव काढलं की ती म्हणे, "चालतंय तोवर चालू दे." ईस्टर झाला, तळ्यावरचा बर्फ फुटला. मग एक दिवस मन घट्ट करून तिने ते पांघरूण धुतलं. चर्चकडे द्यायचं होतं, कुणातरी गारठलेल्या माणसासाठी. ओलं पांघरूण ड्रायरमध्ये टाकून ती वर आली. जेवणाची ताटली धुतली, पुसली, तरी खालची घरघर चालूच होती.

खाली जाऊन तिने आत हात घातला. गार.

तिला कुणाला विचारावं लागलं नाही. पेटी तिथेच फळीवर होती. तिने यंत्र पुढे ओढलं, भिंतीतून प्लग उपसला आणि नेहमीसारखी मान वर करून म्हणाली,

"काढला हं प्लग."

जाळीतून वरच्या खोलीतलं छत तेवढं दिसत होतं. मग गुडघे टेकून तिने पक्कड हातात घेतली.