येवांदेचा आवाज

नायजेरियातल्या बेनिन शहराच्या बस अड्ड्यावर कालाबारला जाणाऱ्या गाडीत, ती कधी भरते याची वाट बघत एबिएरे अंग चोरून बसली होती. लागोसच्या ज्या सलूनमध्ये ती आणि तिची जिवलग मैत्रीण येवांदे काम करायच्या, तिथे मालकिणीच्या नवऱ्याने एका माणसाला गोळी घातली होती. दोघींनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून त्याची माणसं त्यांच्या मागावर होती.

येवांदे तळलेला याम कंद आणायला म्हणून खाली उतरली आणि थोड्याच वेळात तिचा आवाज चढला.

"कालचा शिळा याम मला देतेस? येवांदे अकिनसान्या म्हणतात मला! लागोसची आहे मी!"

एबिएरेने कपाळावर हात मारून घेतला. बघे जमले. एकाने तर मोबाईलच वर धरला. तेवढ्यात शेवटचा प्रवासी चढला आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. एकटीनंच निघून जावं, असं तिच्या मनात आलंच. मग ती चरफडत उतरली आणि येवांदेचं मनगट धरून तिला गर्दीतून ओढत निघाली.

"अगं, आपली गाडी चालली!" येवांदे ओरडली.

"जाऊ दे! नाव, गाव सगळं सांगून झालं ना? की अजून पत्ता राहिलाय?"

"पण तो याम खरंच शिळा..."

"तोंड मीट, बाई. मीट!"

एबिएरेला रडूच येत होतं. तिने एक मोटारसायकलवाला थांबवला. दोघी त्याच्यामागे दाटीवाटीने बसल्या.

"कुठं जायचं?" त्याने विचारलं.

ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"इथून लांब," ती खेकसली.