एकाच जोडावरची दोन घरं

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर लेकीला माझा चेहरा मंद होताना दिसला आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

"आई, दिवा बघ कसा लुकलुकतोय! सगळं वायरिंग सडलंय. एक दिवस आग लागेल आणि मला शेजाऱ्यांकडून कळेल."

"शेजारी नाही कळवायचे," मी म्हणाले. "आमचा अबोला आहे."

तिला हसू आलं नाही. रविवारी येते, कपडे भरून ठेव, घराला कुलूप लावू, असं फर्मान सोडून तिने फोन ठेवला. तिच्याकडे मला खोली मिळणार होती, बाल्कनीसकट. पण माझ्या घरात मी हवं तेव्हा चिडू शकते, तिथे दिवसभर गोड बोलावं लागलं असतं. मला जायचं नव्हतं.

दिव्यांचं हे बरेच दिवस चाललं होतं. दिवस मावळला की दिवा मंद व्हायचा, जरा वेळाने उजळायचा, पुन्हा मंद. बल्ब बदलला, होल्डर बदलला, स्विच बदलून घेतला, ढिम्म फरक नाही. खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली होती. दिवा मंद झाला की मी "आलात का?" म्हणायचे आणि भाजी चिरायला घ्यायचे. नवरा गेल्यापासून संध्याकाळी माझ्याकडे येणारं दुसरं होतं कोण?

तरी घर वाचवायचं म्हणून वीज कार्यालयात तक्रार केली. लाईनमन भर दुपारी आला. दिवे अगदी शहाण्या मुलांसारखे.

"मावशी, सगळं ठीक आहे की."

"डॉक्टर आले की दुखणं पळतं. संध्याकाळी या."

कुरकुरत का होईना, घरी जाताना तो पुन्हा आला. मीटरचे स्क्रू आवळून बघितले, सगळे घट्ट. तेवढ्यात दिवा मंद झाला.

"शेजारीही असं होतं का?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग विचारा ना. तिकडेही होत असेल तर दुखणं घरातलं नाही, खांबावरचं आहे."

शेजारी एक शिंपी राहतो, एकटाच. माझ्या नवऱ्याचं आणि त्याचं सांडपाण्याच्या पाइपावरून वाजलं होतं. पाइप केव्हाच बदलला, नवराही गेला, अबोला तेवढा वारसाहक्काने माझ्याकडे आला. मी तो इमानदारीत चालवला होता. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. गेले आणि दार वाजवलं.

गळ्यात टेप घालून तो दारात आला.

"तुमचे दिवे मंद होतात का?" मी एकदम मुद्द्यावर आले.

"होतात. पहाटे. तुम्ही पाण्याची मोटर लावता तेव्हा." मग तो म्हणाला, "जाग आधीच आलेली असते. दिवा लावून नुसता पडलेला असतो. मंद झाला की उठतो."

माझ्या मोटरवर कुणी उठत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

लाईनमनने परीक्षा घेतली. शिंप्याने इस्त्री लावायची, मी माझ्या घरात दिव्याकडे बघायचं.

"लावली!" भिंतीपलीकडून आवाज आला.

"मंद झाला!" मी ओरडले.

"बंद केली!"

"उजळला!"

म्हणजे रोज संध्याकाळी माझ्याकडे येत होती ती शेजारची इस्त्री. "कळलं, पुरे," लाईनमन म्हणाला. मी म्हटलं, "अजून एकदा बघा हो, खात्री झालेली बरी." कितीतरी वर्षांनी त्या भिंतीशी मी बोलत होते आणि ती उत्तर देत होती.

दुसऱ्या दिवशी लाईनमन खांबावर चढला. दोन्ही घरांची न्यूट्रलची तार एकाच जोडावर होती आणि तो जोड सैल होऊन काळा पडला होता. एका घराने जोर लावला की दुसऱ्याचा दिवा मंद. "असाच तापत राहिला असता तर खांबावरच पेटला असता," म्हणत त्याने दोघांना वेगळे, नवे जोड करून दिले. लेकीला फोनवर सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "बरं बाई, राहा." मी जिंकले.

संध्याकाळी भाजी आणि विळी घेऊन बसले. दिवा लख्ख, हूं की चूं नाही. मी वाट बघितली. भिंतीला कानही लावला. पलीकडे इस्त्री चालू आहे की नाही, कळायला काही मार्ग नव्हता. भाजी तशीच ठेवली आणि मला रडू आलं. भांडून राखलेल्या घरात आता खरोखरच कुणी नव्हतं.

पहाटे मोटर लावली आणि स्विचवरच हात थबकला. मग चपला घातल्या. शेजारच्या खिडकीत दिवा होता, जराही न हलणारा. मी दार वाजवलं.

"कोण?"

"मी. मोटर लावलीय."

टाकी भरून वाहील, हे कळत असूनही मी तिथेच उभी राहिले. मग खाट करकरली.

"उठलो," शिंपी म्हणाला.