साऊकाकांची जीभ

गेल्या पावसाळ्यात साऊकाकांना आठ दिवस ताप आला, आणि जाताना तो त्यांच्या तोंडाची चव घेऊन गेला. काकांनी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

सांगणार तरी कसं? कालव्याच्या तोंडावरची उघाडी सव्वीस वर्षं त्यांच्या ताब्यात. तेतचा, नव्या वर्षाचा सण सरला की मेकाँगचं पाणी ओसरतं आणि समुद्राचं खारं पाणी नदीतून वर चढतं. ती खार उघाडीचं लोखंडी दार अडवतं. भरती लागताना थोडा वेळ पाणी गोडं असतं. तेवढ्यात दार उघडून कालवा भरून घ्यायचा. काका बोट बुडवून जिभेला लावायचे आणि म्हणायचे, "गोडं," नाहीतर "मचूळ, बंद!" बारा घरांची शेती त्या शब्दावर चालायची.

दोन वर्षांपूर्वी पाटबंधारे कचेरीतून खार मोजायचं मीटर आलं, तेव्हा काकांनी त्याची भरपूर टिंगल केली होती. तापानंतर मात्र ते आधी गुपचूप मीटर बघायचे आणि मग चारचौघांसमोर बोट चाटायचे.

मार्चमध्ये मीटर बंद पडलं. दुरुस्तीला गेलं ते आठवडा झाला तरी परत येईना. अशात त्या बारा घरांतली दियेप उघाडीवर आली. नवरा शहरात मजुरीला, घरी म्हातारी सासू, आणि हिनं एकटीनं भात लावलेलं.

"काका, शेताला भेगा पडल्यात. भात पोटरीला आलंय. आज पाणी नाही मिळालं तर दाणा भरायचा नाही, सगळं पळींज होईल."

"मीटर नाही गं पोरी."

"अगं बाई! तुम्हाला मीटर कधीपासून लागायला लागलं?" दियेप हसली.

तेव्हाच खरं बोलून मोकळं व्हायला हवं होतं. पण काकांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं. काहीच कळलं नाही. भरती लागून फार वेळ झाला नसावा, असं त्यांनी मनाला समजावलं. "गोडं आहे," म्हणाले आणि चाक फिरवायला लागले. दार दोन तास उघडं राहिलं.

सकाळी दियेपच्या सासूनं कालव्याच्या पाण्यानं चूळ भरली आणि थुंकून ओरडली, "खारं! पाणी खारं आहे!" काका धावत गेले. दार कालच लावलेलं होतं. पण पाणी दियेपच्या शेतात कधीच शिरलं होतं.

चार दिवसांत पात्यांचे शेंडे करपले. कॉफीच्या टपरीवर एकच विषय.

"वाऱ्यानं खार एकदम आत रेटली असणार."

"वरच्या धरणवाल्यांनी पाणी अडवलंय, दुसरं काय!"

"काही असो, काकांची जीभ चुकायची नाही."

दियेपही तिथंच होती. डोळे सुजलेले. "काकांना बोल लावू नका," ती म्हणाली. काका कॉफी अर्धी टाकून उठले.

दुपारी बायकोनं, न्याननं, माशाचं कालवण वाढलं. काका खाली मान घालून जेवत होते.

"कसं झालंय?"

"झकास."

"मीठ दोनदा पडलंय त्यात. मला पहिला घास गिळवेना." न्याननं त्यांच्या पुढचं ताट ओढलं. "कधीपासून?"

काकांनी ताट परत ओढायला हात पुढे केला.

"तापापासून ना? तरीच मेलं काही वाढलं तरी झकासच!" तिचा आवाज खाली आला. "गावाला सांगा."

"तू सांगतेस का?"

"मी का? खोटं तुमच्या तोंडून गेलंय."

संध्याकाळी काकांनी टपरीवर उभं राहून सगळं सांगितलं. दियेप उठून त्यांच्यासमोर आली.

"मी तिथंच उभी होते, काका. माझ्याही तोंडात जीभ होती. 'तू चाखून बघ' एवढंच म्हणायचं होतंत!"



पुढच्या भांगेला, भरतीचा जोर कमी झाल्यावर, गोडं पाणी मिळालं. तोवर मीटरही परत आलं होतं. काकांनी स्वतःचं शेत कोरडं ठेवून आधी दियेपचं धुऊन काढलं. तीनदा पाणी भरलं, तीनदा सोडलं. ते दिवसभर चिखलात उभे असत. ती नको म्हणाली नाही, बसाही म्हणाली नाही. तिसरा हिस्सा भात वाचलं. बाकीचं कापून बदकांना घातलं.

गावानं नवा नियम केला. मीटर बघायचं, दोघांनी पाणी चाखायचं, मगच दार उघडायचं. उन्हाळी भात यापुढे कुणी लावायचं की नाही, यावर तीन बैठका झाल्या, भांडणं झाली आणि निकाल लागलाच नाही. उघाडीचं चाक फिरवायला मात्र काकांनाच ठेवलं, कारण त्या गंजक्या चाकाची खोड दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

चाखायची पाळी दियेपकडे आली. आता ती पाण्यात बोट बुडवते, तोंडाला लावते, बराच वेळ थांबते. पुन्हा बुडवते. काका चाकावर हात ठेवून तिच्या बोलण्याची वाट बघत उभे असतात.