अडीच फुटांची फट

आमच्या चर्चच्या मंडळीत फूट पडली ती एका पेल्यावरून. प्रभुभोजनाचा द्राक्षरस सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यायचा, की प्रत्येकाला वेगळी छोटी पेली द्यायची? मी एका पेल्याचा, माझा धाकटा भाऊ छोट्या पेल्यांचा. पवित्र आत्मा आपल्यातच वास करतो आणि पलीकडचे नुसते गळा काढतात, अशी दोन्ही बाजूंची पक्की खात्री. शिवाय दोन्ही गटांना रविवारी सकाळी नऊचीच वेळ हवी. शेवटी पंचांनी तोडगा काढला, की सभागृहाच्या मधोमध व्यासपीठापासून मागच्या भिंतीपर्यंत प्लायवूडचा आडोसा घालायचा. त्यातला पुढचा निम्मा आमच्या गटाने बांधायचा, मागचा निम्मा त्यांच्या.

दोन्हीकडचे सुतार म्हणजे आम्हीच दोघं. दुकान एक, रंधा एक, आणि बोलणं बंद. बाजूला हो म्हणायचं तरी आम्ही खाकरायचो. मी मनाशी म्हटलं, आपलं लाकूड निम्म्याच्या पुढे एक इंच जायला नको. सव्वा फूट अलीकडेच थांबतो, उरलेलं तो भरेल, गरज त्यालाच आहे. त्यानेही नेमकं हेच मनाशी म्हटलं होतं. मधे अडीच फुटांची फट राहिली. पंचवीस वर्षं टेप हाताळणाऱ्या दोन माणसांचं हे काम! लोक तोंडावर हसले, आणि फट तशीच राहिली, कारण जो बुजवेल त्याने चूक कबूल केली असं झालं असतं.

त्या फटीत आईने खुर्ची टाकली.

आई ब्याऐंशीची. तिचं हृदय थकलंय, फार दिवस धरून चालू नका, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलं होतं. वेगवेगळं सांगितलं, कारण आम्ही एकत्र गेलोच नव्हतो. तिचे हात कापायचे, पण हट्ट जराही कापत नव्हता.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या पावाचं ताट रांगेतून हातोहात फिरतं. स्वतःहून तुकडा कुणी घेत नाही. शेजाऱ्यापुढे ताट धरायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "प्रभू तुझ्यात राहतो." मग त्याने घ्यायचं. शेवटच्या माणसाने ताट पाळकांकडे परत न्यायचं. आमच्या रांगेत मी आणि माझ्यानंतर शेवटची आई. पहिल्याच रविवारी मी तिच्यापुढे ताट धरलं, म्हणायचं ते म्हटलं. तिने तुकडा घेतला आणि बसल्या जागी वळून ताट पलीकडे धरलं. पलीकडे धाकटा. जन्मभराची सवय, त्याने मुकाट्याने घेतला आणि ताट शेजारणीपुढे केलं. आमचा पाव त्यांच्या अख्ख्या रांगेने खाल्ला, आणि शेवटी ताट त्यांच्या पाळकांच्या हातात गेलं. ते बिचारे आधीच एक ताट धरून उभे होते.

दोन्हीकडचे पंच असे खवळले की काही विचारू नका. आडोशानंतर त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर: फट बंद करा.

शनिवारी दुपारी मी फळी घेऊन गेलो, तर धाकटा आधीच फळी घेऊन उभा. मधे खुर्चीत आई. माझं डोकंच फिरलं. मी तिला म्हटलं, आता पुरे झालं, कुठल्या तरी एका बाजूला बस. कुठल्या, असं तिने विचारल्यावर दोघांच्याही तोंडून एकदमच "माझ्या" निघालं.

तिने माझ्याकडे बघितलं. "प्रभू तुझ्यात राहतो का रे?"

"राहतो."

धाकट्यालाही तिने तेच विचारलं. तोही राहतो म्हणाला.

"आणि ह्याच्यात?" तिने मला विचारलं. मग त्याच्याकडे वळून, माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ह्याच्यात?"

मी हातातल्या ड्रिलकडे बघत राहिलो. त्याने टेप उघडून पुन्हा मिटला. खोटं बोलायला जीभ वळेना, आणि खरं बोलायची दोघांनाही लाज वाटत होती.

"मग ठोका फळी," आई म्हणाली. "मी घरी बसते. पण तुम्ही एकमेकांना ते म्हणत नाही तोवर मलाही कुणी म्हणायचं नाही. तोवर मी पावाला हात लावायची नाही."

आम्ही फळी ठोकली. त्याने एक बाजू धरली, मी स्क्रू मारले, आणि एक शब्द न बोलता काम इतकं चोख झालं की सांधासुद्धा दिसेना.

आईने शब्द पाळला. पाच रविवार गेले. आमचे पाळक ताट घेऊन घरी आले, तिने हात जोडून परत पाठवलं. त्यांचे पाळक आले, त्यांनाही तेच. पंच मला म्हणाले, म्हातारीला समजाव. आता तिला काय समजावणार, कपाळ? आधी ती जिना उतरेनाशी झाली, मग अंथरुणावरून उठेनाशी. साठ वर्षं जिचा एक रविवार चुकला नाही, ती माझ्यापायी प्रभुभोजनाविना, उपाशी जाणार होती. मला तिचा राग येत होता, धाकट्याचा येत होता, आणि सगळ्यात जास्त त्या गुळगुळीत फळीचा येत होता.

सहाव्या रविवारी ताट माझ्याकडे आलं. मी तुकडा घेतला. आता शेवटचा मीच. वळलो तर नाकासमोर प्लायवूड, आणि पलीकडून धाकट्याच्या खाकरण्याचा आवाज. मी ताट घेऊन उठलो. पाळकांकडे गेलो नाही. मागच्या दाराने बाहेर पडलो, वळसा घालून त्यांच्या दाराने आत शिरलो. दारावरचा माणूस आडवा आला, त्याला म्हटलं, हात तर लावून बघ. त्यांचं गाणं अर्ध्यावर थांबलं.

मी धाकट्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि ताट धरलं. म्हणायचे एवढे तीन शब्द, लहानपणापासून दर रविवारी म्हटलेले.

"मला म्हणता येत नाहीये," मी म्हटलं. "तुझा राग जात नाही माझ्या डोक्यातून."

मी ताट त्याच्याकडे असं ढकललं की त्यातले तुकडे सरकायला लागले. त्याने पुढे होऊन ताटाची दुसरी कड धरली.

"रागातच म्हण, दादा," तो म्हणाला. "मीपण रागातच घेतो."

मी म्हटलं. त्याने तुकडा घेतला, खाल्ला. मग ताट माझ्या हातातून काढून घेतलं, माझ्यापुढे धरलं आणि दात आवळून मला तेच म्हटलं. मी एकदा खाल्ला होता, तरी पुन्हा खाल्ला. दोन्हीकडचे पंच काहीतरी ओरडत होते. काय ते मी ऐकलं नाही, कारण ताटात अजून तुकडे होते आणि घरी आई उपाशी होती.