सहा अक्षरांची शेपटी

उजनी धरणाचं पाणी चढायला लागलं, की काठावरच्या शेतकऱ्यांना मोबाइलवर मेसेज जायचा आणि ते आपापल्या पाणी उपसायच्या मोटारी वर ओढून घ्यायचे. ही सेवा जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून चालायची. प्रोग्रामर एकच, राजश्री.

मेसेज पाठवायचा पासवर्ड आधीच्या कोणीतरी कोडमध्येच उघडा लिहून ठेवला होता. मालक देवदत्त सरांनी तो क्लाउडमध्ये, सिक्रेट म्हणजे कुलूपबंद नोंद म्हणून ठेवायला सांगितलं. राजश्रीने सकाळी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. 'मेसेज-पासवर्ड' नावाचं सिक्रेट तयार झालं आणि क्लाउडने त्याला दिलेली लांबलचक ओळख, म्हणजे आयडी, पडद्यावर उमटली. ती तिने कोडमध्ये चिकटवली. एक मेसेज पाठवून पाहिला, गेला.

मग सिक्रेटचं वर्णन लिहायचं राहिलंय असं दिसलं, म्हणून तिने ते पुसून त्याच नावाने पुन्हा तयार केलं. नाव तेच, तेव्हा परत काय तपासायचं? ती डबा खायला बसली.

पावणेतीनला सिद्रामकाकांचा फोन आला. करमाळ्याकडचे केळीवाले, सेवेचे पहिले ग्राहक.

"म्याडम, मेसेज न्हाय आला की! पाणी मोटारीला टेकलंय."

राजश्रीने मेसेजच्या नोंदी उघडल्या. एकशे बारा मेसेज अडकलेले, आणि प्रत्येकापुढे एकच ओळ : सिक्रेट सापडत नाही.

"काका, आजूबाजूच्यांना हाका मारा. मी बघते."

ऑफिसातले फोन घेणाऱ्या पूनमला तिने मेसेज न पोचलेल्यांची यादी दिली आणि वरून एकेकाला फोन लावायला सांगितलं. मग साठवलेल्या सगळ्या सिक्रेटांची ओळख छापणारा कोड लिहिला. नवी ओळख आणि कोडमधली जुनी तिने एकाखाली एक ठेवली. नाव सारखं, शेवटची सहा अक्षरं वेगळी. सिक्रेट नव्याने केलं, की क्लाउड ही शेपटी स्वतःच बदलतं. कोड सकाळी पुसलेलं सिक्रेट मागत बसला होता. तिने लांब ओळख काढून नुसतं नाव लिहिलं. तीन वाजून दहा मिनिटांनी मेसेज सुटले.

तोवर करमाळ्याकडच्याच मीनाबाईंची मोटार बुडाली होती; काकांची हाक त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली.

"त्यांना नेटवर्कचा प्रॉब्लेम होता म्हणून सांग," देवदत्त सर म्हणाले.

"नेटवर्क चालू होतं, सर."

राजश्रीने स्वतःच फोन लावला. "मीनाबाई, मी सोलापूरहून राजश्री बोलतेय. मेसेज माझ्या चुकीने थांबला."



"व्हय? मला वाटलं माझाच फोन बिगडला. दुपारपासनं बंद करून चालू करतीय."

"मोटारीचं काय झालं?"

"काढली वर. पाणी शिरून वायंडिंग जळलंय. चार दिस तरी केळीला पाणी न्हाय."

राजश्रीने तो फोन ठेवल्या ठेवल्या सिद्रामकाकांना लावला आणि मीनाबाईंच्या केळीला पाणी द्याल का, असं विचारलं. त्यांचं शेत मीनाबाईंच्या बांधाला लागून होतं.

"देतो की पाणी," काका म्हणाले. "पाइप पोचतोय तितवर."

मग तिने कोडमध्ये एक तपासणी घातली : रोज सकाळी एक मेसेज तिच्या स्वतःच्या मोबाइलवर. तो आला नाही, तर सेवा बंद पडलीय हे शेतकऱ्यांआधी तिला कळणार होतं.